खरवड

सातासमुद्रापलीकडची माणसंसुद्धा टोपाच्या बुडाला चिकटलेल्या भातासाठी भांडतात, असं कुणी सुकीला सांगितलं असतं तर तिने त्याला सरळ वेड्यात काढलं असतं. तिला वाटायचं, ही खोड जगात एकट्या मनिषलाच. चुलीवरून भात उतरला की पोरगा टोपाशी हजर. वरचा मऊ भात बापाला द्या, बहिणीला द्या, कुत्र्याला घाला, त्याचं काही म्हणणं नसे. पण बुडाशी धरलेली तांबूस, कुरकुरीत खरवड त्याची म्हणजे त्याचीच. ती काढायला त्याने चिंचणीच्या किनाऱ्यावरून तळहाताएवढी एक शिंपली आणली होती. पळीने खरवड तुटते म्हणे, शिंपलीने पापुद्रा अख्खा निघतो. जेवण झालं की शिंपली धुवायची आणि चुलीमागच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवायची. दुसऱ्या कुणी हात लावला की साहेबांचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

शिंपली अजून तिथेच खोचलेली होती. मनिष मात्र घरात नव्हता.

तो २०१५च्या नारळी पुनवेनंतर गेला. गेला म्हणजे कामाला गेला, उगाच भलतंसलतं मनात आणू नका. असलं काही कुणी तोंडावर आणलं तरी सुकी अंगावर धावून जायची. सायवनच्या आसपासच्या पाड्यांवरची पोरं दरवर्षी गुजरातेतल्या बंदरांवर खलाशी म्हणून जात. मनिष तेव्हा बाविशीचा. सामानात आईने सुकटीची पुरचुंडी बांधली तर हसला. "आये, समुद्रावर चाललोय मी, आणि तू मला सुकट बांधून देतेस होय?" होळीला परत येतो म्हणाला होता.

डिसेंबरात त्याची बोट समुद्रात गेली आणि परत आलीच नाही. कुणी म्हणालं, बुडाली. कुणी म्हणालं, पलीकडच्या देशाने धरून नेली, सगळी पोरं तिकडच्या तुरुंगात आहेत, सुटतील आज ना उद्या. सुकीचा नवरा चैत्या याने तलासरीच्या कचेरीत खेटे घालून घालून चपला झिजवल्या. धरून नेलेल्यांच्या यादीत मनिषचं नाव नव्हतं. किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांच्या यादीतही नव्हतं. आता करायचं काय माणसाने? रडायचं, का वाट बघायची?

चैत्याने भात सोडला. नवस नाही, बोलणं नाही, एक दिवस ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "पोर जेवलं का नाय ते ठाऊक नाय, आणि मी भात चेपू?" तेव्हापासून सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी अर्धी भाकर. दोन वर्षांत एवढा मोठा गडी नुसता हाडांचा सापळा राहिला. शेतात चार पावलं चालला की बांधावर बसायचा. सुकीला पोराचं दुःख होतंच, त्यात नवराही डोळ्यांदेखत झिजताना बघायचा म्हणजे कठीणच होतं.

ओढ्यापलीकडे एक संस्था होती. तिथे पोरांची शाळा चाले, आणि देशोदेशीचे पाहुणे दोन-दोन, तीन-तीन महिने राहून पोरांना काहीबाही शिकवत. सुकी तिथे स्वयंपाकाला होती आणि तिची मुलगी रविना, डहाणूला बारावीपर्यंत शिकलेली, पाहुण्यांचं बोलणं पाड्याला आणि पाड्याचं पाहुण्यांना समजावून सांगायची. २०१७च्या दिवाळीनंतर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की दर शनिवारी दुपारी एका पाहुण्याने आपल्या घरचं आवडतं काहीतरी रांधावं आणि सगळ्यांनी मिळून खावं. मग काय, नुसती धमाल. एकाने बटाट्याची धिरडी करून त्यावर सफरचंदाचा मुरंबा घातला; पोरांनी मुरंबा चाटून खाल्ला आणि धिरडी कुत्र्यांची झाली. एकीने मक्याचं पीठ पानांत बांधून वाफवलं. ते खाऊन पाड्यावरची म्हातारी नवशी म्हणाली, "हे तर आपलेच पानगे. तिखट झालेत तेवढं तिला सांगा." सुकीने नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी वाढली, तेव्हा पार्कदादाला सात शिंका आल्या आणि तरी त्याने चटणी परत मागून घेतली.

हा पार्कदादा कोरियाचा. सत्तरी गाठलेला, बारीक, शांत माणूस. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, मला टोपाच्या बुडाचा करपलेला भात करायचाय. रविनाने आईला सांगितलं तर सुकी बघतच राहिली.

"करपलेला? खरवड म्हणतो काय तो?"

"हाँ आये. त्यांच्यात मुद्दाम धरवतात. त्यावर गरम पाणी ओततात आणि पितात. म्हणतो, लहानपणी भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या त्यावरून."

त्या दिवसापासून पार्कदादा सुकीला घरचा वाटायला लागला. संस्थेची शेगडी गॅसची. तिच्यावर भात एक तर कच्चा राहील नाही तर कोळसा होईल. खरवड हवी तर चुलीचे निखारे हवेत. म्हणून सुकी त्याला आपल्या घरी घेऊन आली, आणि इथूनच सगळं सुरू झालं.

सुकीच्या माहेरची एक रीत होती. तिची आई भिकी ती पाळायची आणि सासरी आल्यावरही सुकीने सोडली नव्हती. चुलीवर जे रांधलं ते ज्याच्या हातून शिकलो, तो माणूस जग सोडून गेलेला असला तर पहिला वाढा त्याचा. घरामागे परसात, दुपारी, पळसाच्या पानावर वाढायचं. नाव घेऊन मोठ्याने जेवायला बोलवायचं. कोंबड्या-कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून वर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि डालग्यावर दगड. मग परसातल्या जांभळीची सावली भिंतीला टेकेपर्यंत उचलून बघायचं नाही. गेलेलं माणूस असलं तर पान साफ होतं. जिवंत माणसाचं नाव घेतलं तर त्या अन्नाला मुंगीसुद्धा शिवत नाही. सुकीचा मामा एकदा कामावर गेला आणि वर्षभर त्याचा पत्ता नव्हता, तेव्हा भिकीने त्याच्या आवडीचं रांधून असंच पान ठेवलं होतं. ते जसंच्या तसं राहिलं आणि मामा त्याच होळीला ढोल वाजवत घरी आला. असं न शिवलेलं पान घरच्यांनी खाऊन टाकायचं असतं. जिवंत माणसाचा घास मातीत जाऊ द्यायचा नसतो.

पार्कदादाने हे ऐकलं आणि म्हणाला, "माझी बायको. सुन-ही. हे मी तिच्याकडून शिकलो."

पानावर खरवडीचा तुकडा ठेवला, शेजारी वाटीत खरवडीवर ओतलेलं गरम पाणी. पार्कदादाने हळूच नाव घेतलं. सुकीने डालगं घातलं. सावली भिंतीला टेकली तेव्हा त्यानेच दगड उचलला. पान स्वच्छ होतं. भाताचं शीत नाही, ओघळ नाही. आणि वाटी रिकामी, उपडी घातलेली.

रविना एक पाऊल मागे सरली. पार्कदादा गुडघ्यांवर बसला आणि त्या उपड्या वाटीकडे बघत कितीतरी वेळ काहीतरी बोलत राहिला.

"काय म्हणतो?" सुकीने विचारलं.

"म्हणतो..." रविनाने आईचा दंड धरला. "म्हणतो, तिला ही सवयच होती. पिऊन झालं की वाटी उपडी घालायची. तो चिडायचा तिच्यावर, टेबलाला डाग पडतो म्हणून."

त्या दिवशी पाड्यावर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे उंदीर असेल. नवशीने त्याला झाडलं, "उंदीर वाटी उपडी घालतो काय रे? तुझ्या घरचा उंदीर ताटं पण घासत असेल!" सगळे हसले, पण दिवेलागणीनंतर परसाकडे जायला कुणी तयार नव्हतं.

पुढच्या शनिवारी पाळी शिरीनची, तीही सुकीच्याच चुलीवर. इराणची, तिशीची, मोकळी हसणारी बाई. ती म्हणाली, अहो, खरवडीत आमच्याशी कुणी बरोबरीच करू नये! आमच्यात लग्नाच्या जेवणातसुद्धा पाहुण्याला मानाने खरवडच वाढतात. तिने टोपाच्या बुडाला दह्यात कालवलेला पिवळा भात थापला, वर मोकळा भात रचला, झाकणाला फडकं बांधलं. तासाभराने टोप परातीत उपडा केला तेव्हा सोनेरी चकतीच बाहेर आली. सुकीने तुकडा तोंडात घातला. तिच्या दाढा कधीच पडल्या होत्या, तेव्हापासून खरवड तिला चावत नव्हती, पण तो तुकडा तिने चघळून चघळून संपवला. मनिषने काय नाचून खाल्ला असता हा भात, असं मनात आलं आणि तिने पदराने डोळे पुसले.

"मलापण पान ठेवायचंय," शिरीन म्हणाली. "माझ्या मावशीचं. तिनेच शिकवलं मला."

"कधी गेली?"

"गेली कुठे! ठणठणीत आहे. मंगळवारीच बोललो आम्ही फोनवर."

"मग नको ठेवूस बाई," सुकी म्हणाली. "जित्या माणसाला त्या पानावर बोलवू नये."

पण शिरीनला गंमत वाटत होती. मुंगीसुद्धा शिवत नाही ते बघायचंय म्हणाली, फोटो काढून मावशीला पाठवते म्हणाली. पाहुणीला किती अडवायचं? तिने मोठ्याने "महीनखाला" अशी मावशीला हाक मारली, पान ठेवलं, डालगं घातलं, दगड ठेवला. सावली टेकली. फोन हातात धरूनच तिने डालगं उचललं.

पान साफ होतं.

सुकी पटकन म्हणाली, "उंदीर असेल." तिला स्वतःचाच आवाज खोटा वाटला. शिरीन हसली, मग हसता हसता थांबली, मग फोन लावला. आईशी बोलली. आई म्हणाली, मावशी झोपलीय, नंतर बोल. दुसऱ्या दिवशी पण मावशी झोपलेलीच होती. तिसऱ्या दिवशी शिरीन फोनवर ओरडायला लागली तेव्हा आईला रडू फुटलं. मावशी गुरुवारीच गेली होती. पोरगी एकटी, परमुलखात, म्हणून घरच्यांनी लपवून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी शिरीन सुकीच्या ओट्यावर येऊन बसली. डोळे सुजलेले. "मी आईवर खूप चिडले," ती म्हणाली आणि रविना सांगत गेली. "माझ्याशी खोटं का बोललीस म्हटलं. तर आई म्हणाली, कळल्यावर तू जेवली नसतीस. जितके दिवस नाही कळणार तितके दिवस दोन घास सुखाने खाशील."

सुकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला त्या न बघितलेल्या बाईचं म्हणणं पटलं होतं.

चैत्याने हे सगळं पाहिलं होतं. पार्कदादाची वाटी, शिरीनचं पान, सगळं. त्याच संध्याकाळी तो चुलीपुढे येऊन बसला.

"सुके, पान ठेव."

"कुणाचं?" तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"मनिषचं."

"तोंड सांभाळ, रविनाच्या बा!" सुकीने हातातली फुंकणी आपटली. "पोराचं पान ठेवायला सांगतोस? लाज नाय वाटत?"

चैत्या चिडला नाही. चिडायला अंगात ताकद लागते. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "असला तर वाट बघू. अजून दहा वर्षं बघू. नसला तर त्याचे दिवस घालू, तो मोकळा होईल. हे असं मधल्यामधी लोंबकळत मला नाय जगता येत. माझ्याच्यानं नाय होत आता."

सुकीने आठ दिवस टाळलं. सुकट संपलीय म्हणाली. तर चैत्या त्या हाडांच्या सापळ्यानिशी बाजारात गेला आणि चिंचणीच्या कोळणीकडून सुकट घेऊन आला. तांदूळ निवडायचाय म्हणाली, तर त्याने सूप घेतलं आणि स्वतः निवडला. पाड्यावर बातमी गेली. म्हातारी नवशी म्हणाली, रविवारी ठेव, सगळे असतात. रविना नुसती आईकडे बघत होती, आणि ते बघणं सुकीला सगळ्यांत जड जात होतं.

रविवारी उजाडता उजाडता सुकीने चूल पेटवली. मनिषचा आवडता म्हणजे सुकटीचा भात. सुकट भाजून चोळायची, कांदा-लसूण तेलावर परतायचा, मूठभर अंबाडीचा पाला आंबटपणाला, मग तांदूळ आणि बेताचं पाणी. हात आपोआप चालत होते. पाणी आटलं, तिने टोप निखाऱ्यांवर सरकवला आणि झाकणावर दोन निखारे ठेवले. थोड्या वेळाने खरवड धरल्याचा तो खमंग वास सुटला आणि घरभर पसरला.

या वासाला मनिष ओढ्यापलीकडून धावत यायचा. हा भात पानावर ठेवला आणि त्याला हाक मारली, तर तो असेल तिथून येईल. येऊ शकत असेल तर येईलच. आणि तो आला म्हणजे...

आई होती ती. जगातल्या सगळ्या आया पोराने जेवायला यावं म्हणून रांधतात, आणि ती देवाला हात जोडत होती की येऊ नकोस रे बाबा, शिवू नकोस, उपाशी राहा.

मग तिने जे केलं ते तिच्या माहेरात आजवर कुणी केलं नव्हतं. तिने तो टोप उचलला, झाकणावर दगड ठेवला आणि चुलीमागे कोपऱ्यात, धान्याच्या कणगीच्या आड लपवला. दुसऱ्या लहान टोपात परत भात चढवला. सुकट न भाजता घातली. अंबाडी घातलीच नाही. आणि मिठाचं मडकं पुढे ओढून तिने एक मूठ टाकली, मग दुसरी, मग डोळे मिटून तिसरी. मनिष मिठाच्या बाबतीत भारी चोखंदळ. अंमळ जास्त झालं की ताट सरकवून उठायचा. हा भात तो मेला तरी... सुकीने स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

दुपारी परसात वीसेक माणसं जमली. पार्कदादा आला, नवशी आली, भोवतालच्या घरांतली सगळी आली. सुकीने लहान टोप बाहेर आणला. घरात कुणी उरलं नाही हे बघून तिने एकुलत्या एका दाराला बाहेरून कडी घातली. पळसाचं पान मांडलं. भात वाढला. आता हाक मारायची. रीतीप्रमाणे ती मोठ्यानेच मारायला हवी होती आणि सगळे ऐकत होते.

"मनिष," तिने हाक मारली. मग परत, मोठ्याने. "मनिष, ये रे. जेवायला ये. तुझ्या आवडीचा भात केलाय."

हे शेवटचं बोलायची काही गरज नव्हती. दोन वर्षं जीभ आवरली होती, ती त्या क्षणी सुटली. खोट्या भातावर खरी हाक मारून बसली बिचारी.

चैत्याने डालगं घातलं, दगड ठेवला आणि तिथेच मातीत बसला. वारा नव्हता. एकदा फक्त घरात काहीतरी खुट्ट झालं. रविनाने मान वळवली. "मांजर असेल," सुकी म्हणाली. घरात मांजर नव्हतं. सगळ्यांच्या नजरा डालग्यावर होत्या, घराकडे कुणी बघत नव्हतं. सुकीला मात्र पाठीमागून, कुडाच्या फटीतून, हलका खर्र-खर्र आवाज आल्यासारखा वाटला. कुणीतरी भांड्याच्या बुडाशी काहीतरी घासत असावं तसा. तिने कानांवरून पदर घट्ट ओढून घेतला. सावली इंचाइंचाने सरकत होती.

अखेर ती भिंतीला टेकली. पार्कदादाने चैत्याला दगड उचलायला मदत केली.

पानावर भाताचा ढीग जसाच्या तसा होता. एक शीत हललेलं नव्हतं. मुंग्यांची रांग पानापर्यंत येऊन वळून गेली होती.

"जिता आहे!" नवशी ओरडली. "जिता आहे गं सुके, तुझा लेक!" आणि मग एकच कल्ला झाला. रविना आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. पार्कदादाने कमरेत वाकून नमस्कार केला. कुणीतरी ढोल आणायला पळालं. सुकी हसली. हसावंच लागलं. तिच्या मनात एवढंच होतं, की फसवलं, सगळ्यांना फसवलं, आणि आता हा माणूस जेवेल.

तेवढ्यात चैत्याने पान उचलून मांडीवर घेतलं.

रीत! न शिवलेलं पान घरच्यांनी खायचं असतं. तीन मुठी मीठ घालताना तिला हे आठवलंच नव्हतं.

"थांब, रविनाच्या बा," ती पुढे झाली, "गार झालंय ते, मी..."

त्याने घास तोंडात घातला. दोन वर्षांनी भाताचा पहिला घास. जबडा हलला आणि थांबला. त्याने मान वर करून सुकीकडे बघितलं. असं बघितलं, की सुकीला वाटलं, आता हा थुंकेल, आता सगळ्यांसमोर विचारेल, काय केलंस हे?

चैत्याने घास गिळला. "मीठ बेताचं पडलंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चांगला झालाय."

"बा, मला पण दे," रविनाने हात पुढे केला.

"नाय. माझ्या पोराचं आहे, मी एकटा खाणार." त्याने पान छातीशी ओढलं आणि खात राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोक म्हणाले, आनंदाने रडतोय. त्याने शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. तांब्याभर पाणी घटाघटा प्याला. मग हलकेच म्हणाला, "सुके, सकाळी वास आला होता मला. खरा भात केलास तेव्हाचा. आत असेल तो. तो दे आता. भूक लागलीय."

सुकी उठली. दाराची कडी तिने घातली होती तशीच होती. ती काढून ती आत गेली. बाहेरच्या उन्हातून आल्यावर घरात क्षणभर काही दिसेना. आत गारवा होता आणि ओहोटीच्या वेळी चिंचणीच्या किनाऱ्यावर येतो तसा ओला वास भरला होता.

ती चाचपडत कणगीमागे गेली. झाकणावरचा दगड काढून बाजूला नीट ठेवलेला होता. झाकण त्याला टेकवून उभं केलेलं. टोपात भात नव्हता. भाताचा कणही नव्हता. बुडापर्यंत खरवडून खरवडून टोप इतका स्वच्छ केला होता, की आतली कल्हई दिसत होती.

आणि टोपात शिंपली होती, ओली.

सुकीने चुलीमागच्या भिंतीकडे बघितलं. कुडातली ती जागा रिकामी होती. ती खाली बसली. शिंपली हातात घेतली. तिच्यावरून पाण्याचा थेंब ओघळून बोटावर आला, तो तिने जिभेला लावला. खारट होता.

तिला ओरडायचं होतं. छाती पिटून घ्यायची होती. परसात ढोल आला होता आणि थाप पडायला लागली होती. रविनाचं हसू ऐकू येत होतं, दोन वर्षांत न ऐकलेलं. सुकीने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच बसून राहिली. मग शिंपली पदराने पुसली, कोरडी केली आणि होती तिथे कुडात परत खोचून ठेवली.

"सुके," दारातून चैत्याचा आवाज आला. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा होता, पाठ करून. "उरलाय का गं भात?"

"नाय," सुकी म्हणाली. "मी खाल्ला."

"सगळा?"

"सगळा. खरवडसुद्धा."

चैत्याला ठाऊक होतं, सुकीला खरवड चावत नाही. बाहेर ढोल वाजत होता आणि कुणीतरी त्याला नाचायला बोलावत होतं.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला. "भूक लागली असेल." आणि परसाकडे वळता वळता थांबून म्हणाला, "उद्यापासून थोडा जास्त टाकत जा."